मधल्या वयाचे कपाट

(तृतीय वर्ष, कला)

दिवाळीची सुट्टी जवळ आली, की घराघरांतून एकच चिंता ऐकू येते. या मुलांना सुट्टीत गुंतवायचे कशात? लहान मुलांचा प्रश्न फारसा अवघड नसतो. माती, दगड आणि एखादे जुने पोते मिळाले, की ती अंगणात किल्ला उभारतात आणि चार दिवस त्यातच रमतात. कॉलेजात गेलेल्यांना कोणी विचारत नाही, आणि विचारले तरी ती धड उत्तर देत नाहीत. खरा प्रश्न असतो तो या दोहोंच्या मधल्यांचा. आठवीपासून बारावीपर्यंतची ही मुलेमुली किल्ल्यासाठी मोठी ठरतात आणि थोरांच्या गप्पांत बसायला लहान. त्यांच्यासाठी आपल्याकडे दोनच उत्तरे तयार असतात : सुट्टीतला जादा क्लास, नाहीतर हातातला मोबाइल. पहिले उत्तर आईवडील निवडतात, दुसरे मुले स्वतः.

तिसरे उत्तर बहुतेक गावांत बाजारपेठेच्या आसपास, एखाद्या जुन्या इमारतीत उभे असते. त्याला आपण सार्वजनिक वाचनालय म्हणतो. पण या वाचनालयात तेरा ते अठरा या वयाला स्वतःची अशी जागा नाही. आपल्याकडे वाचक कमी झाले, अशी तक्रार प्रत्येक संमेलनाच्या व्यासपीठावरून होते. माझ्या मते हा वाचक हरवतो तो याच मधल्या पाच वर्षांत, आणि त्याला पुन्हा गाठण्याची सर्वांत चांगली वेळ म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावरची दिवाळीची सुट्टी आणि डिसेंबरातले नाताळचे दिवस. हे काम करायला कोणी दुसरे यायला नको. ते आपण, कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी, करावे, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

प्रथम आज काय घडते ते पाहू. बऱ्याचशा वाचनालयांत बालविभाग असतो. तेथे रंगीत चित्रांची पुस्तके, परीकथा, बोधकथा आणि राष्ट्रपुरुषांची छोटी चरित्रे असतात. चौथी-पाचवीतले मूल तेथे आनंदाने जाते. तेच मूल आठवीत गेले, की त्याला ती पुस्तके बाळबोध वाटू लागतात. मग ते मोठ्यांच्या विभागाकडे वळते. तेथे कुलूपबंद कपाटे असतात, यादी असते आणि मागणीची चिठ्ठी असते. ज्याला पुस्तकाचे नावच ठाऊक नाही, त्याने चिठ्ठीवर काय लिहावे? धीर करून विचारलेच, तर ‘तुझी पुस्तकं तिकडं आहेत बाळ,’ असे म्हणत बालविभागाकडे बोट दाखवले जाते. घरी वेगळाच न्याय. ‘आधी दहावी होऊ दे, मग वाच हवं ते.’ दहावीनंतर बारावी येते आणि बारावीनंतर वाचायची सवयच उरलेली नसते.

गंमत अशी, की ही मुले वाचनालयाच्या इमारतीत येत नाहीत असे मुळीच नाही. ती येतात, तासन्‌तास बसतात, पण अभ्यासिकेत. घरी जागा नाही म्हणून स्वतःची गाइडे आणि वह्या घेऊन यायचे, पाठांतर करायचे आणि निघून जायचे. भिंतीपलीकडे हजारो पुस्तके असतात आणि अलीकडे वाचायच्या वयातली पन्नास मुले. मधल्या दारातून कोणी कोणाकडे जात नाही. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, असा त्यांतल्या दोन सूत्रांचा आशय आहे. अभ्यासिकेची भिंत या दोन्ही सूत्रांच्या आड उभी आहे.

मधल्या वयाचा वाचक हा निराळा वाचक आहे, ही गोष्ट काही देशांनी शंभर वर्षांपूर्वीच ओळखली. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात मेबल विल्यम्स या बाईंनी १९१९ पासून शाळांशी आणि या वयाच्या मुलांशी जोडलेले काम उभे केले. क्लीव्हलंडच्या ग्रंथालयाने १९२५ साली या वयासाठी स्वतंत्र दालनच उघडले आणि त्याला कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे नाव दिले. बाल्टिमोरच्या ग्रंथालयात १९३२ साली रुजू झालेल्या मार्गारेट एडवर्ड्‌स यांची कहाणी तर मुळातून समजून घेण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोलची टंचाई होती, तेव्हा त्यांनी घोडागाडीत पुस्तके भरून गरीब वस्त्यांतून हिंडवली. आपल्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक सहायकाने आधी भरपूर पुस्तके स्वतः वाचली पाहिजेत, असा त्यांचा दंडक असे. मगच त्याने शाळेच्या वर्गात उभे राहून त्या पुस्तकांविषयी बोलायचे.

या उदाहरणातून मी अमेरिकेचा पैसा घेत नाही, तो आपल्याजवळ नाहीच. घेण्यासारखी गोष्ट आहे ती शेवटची. मुलाच्या हाती पुस्तक देणाऱ्याने ते पुस्तक वाचलेले असावे. त्याला काही खर्च येत नाही. आणि परक्यांचे उदाहरण नको असेल, तर आपल्या शेजारीच एक आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञाला बडोद्यात बोलावले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभाग केला आणि ज्या खेड्यांत ग्रंथालय नव्हते तेथे लाकडी पेट्यांतून पुस्तके पाठवली. वाचकाने पुस्तकाकडे यावे याची वाट न पाहता पुस्तकाने वाचकाकडे जावे, हा विचार आपल्या मातीत तेव्हाच रुजला होता.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप ठरलेला : ‘आजची मुलं वाचतच नाहीत हो, मोबाइल सोडतील तर ना!’ मोबाइलची ओढ खरी आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही. परंतु मोबाइल मुलाच्या वयाशी बोलतो, त्याच्या मित्रांशी त्याला जोडतो आणि त्याला कधीही ‘तुझी जागा तिकडे आहे’ असे म्हणत नाही. वाचनालयाने यांतली एक तरी गोष्ट केली आहे काय? ज्या पंगतीत आपण पान मांडलेच नाही, तेथे पाहुणा जेवला नाही म्हणून त्याला बोल लावणे बरे नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त सभ्य असतो आणि तो बहुधा प्राध्यापकवर्गाकडून येतो. मुलांनी वाचावे, पण चांगलेच वाचावे. हलकेसलके वाचून अभिरुची बिघडते. गुरुजनांची क्षमा मागून मला येथे थोडे वेगळे म्हणायचे आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. ते पुस्तक मोठेच आहे. पण ते औषधाच्या चमच्यासारखे प्रत्येक मुलाच्या तोंडाशी नेले, की मूल तोंड फिरवते आणि दोष पुस्तकाच्या माथी येतो. आधी मुलाला वाचनाचा वेग आणि नाद लागला पाहिजे. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेबरोबर सायकलवरून धावलेले मूल पुढे कोठेही पोचू शकते. ज्याला पहिल्याच दिवशी घाट चढायला लावला, ते पायथ्यालाच बसते.

तेरा ते अठरा या वयाचे प्रश्नही विशिष्ट असतात. मी कोण? घरचे मला का समजून घेत नाहीत? आवडणाऱ्या माणसाशी बोलायचे कसे? शिकून पुढे काय होणार? या प्रश्नांशी बोलणारी पुस्तके मराठीत नाहीत, असे कोणी म्हणत असेल तर त्याने कपाट उघडून पाहावे. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) नववीतल्या मुलाचे मन ओळखते, तेही आणीबाणीच्या वर्षांतले. प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’मधला (१९९४) लंपन आजीआजोबांकडे राहतो आणि आईवडिलांपासून दूर असल्याचे दुःख हसत हसत सांगतो. आनंद यादवांच्या ‘झोंबी’त (१९८७) शाळेत जाता यावे म्हणून घराशी आणि गरिबीशी झगडणारा मुलगा आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) आपल्याहून थोडाच मोठा असा तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीवर एकटा जाऊन पोचतो. वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) गुलामीत जन्मलेल्या मुलाला शास्त्रज्ञ होईपर्यंत सोबत करते. शाळेचे शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ एखाद्या धीट मुलीच्या हाती पडली, तर ती हसता हसता विचार करू लागेल. ज्याला आकाशाचे वेड आहे, त्याला जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा द्याव्यात. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) सतरा-अठराच्या वाचकाला आपल्याच समाजाची ओळख करून देईल. ती ओळख सुखाची नसली तरी आवश्यक आहे. ही पुस्तके बहुतेक वाचनालयांत आजही सापडतील, पण आठ वेगवेगळ्या कपाटांत विखुरलेली. ती एका जागी आणणे, एवढेच काम बाकी आहे.

भेटींच्या बाबतीतही आपला व्यवहार तपासून पाहण्यासारखा आहे. दिवाळीत मुलांना कपडे मिळतात, भाऊबीजेला पाकीट मिळते, नाताळात गोव्यातल्या आणि वसईतल्या घरांतून भेटींची देवाणघेवाण होते. पुस्तक भेट म्हणून येते ते बहुधा शाळेच्या बक्षीस समारंभात, आणि तेही व्यक्तिमत्त्व विकासाचे किंवा यशाची सूत्रे सांगणारे. देणाऱ्याने ते वाचलेले नसते, घेणाराही वाचत नाही. आइसलँड या चिमुकल्या देशात मात्र नाताळच्या आदल्या रात्री एकमेकांना पुस्तके देण्याची रीत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे बाहेरून येणाऱ्या बऱ्याच वस्तूंवर निर्बंध होते, त्या मानाने कागद मिळत होता; म्हणून भेट म्हणून पुस्तक पुढे आले. १९४४ पासून तेथे नव्या पुस्तकांची सूची दरवर्षी काढली जाते आणि अनेक वर्षे ती घरोघर फुकट पोचत असे. लोक सूची पाहून खुणा करतात आणि नाताळापूर्वी पुस्तकांचा नुसता पूर येतो.

हे वाचून आपण हळहळण्याचे कारण नाही. सणाला वाचनाची जोड देण्याची कल्पना आपल्याकडे त्याहून जुनी आहे. का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तो १९०९ साली. तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवण्याची चाल मराठी घरांत पडली. मुलांसाठीही सोय आहे. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात. ‘साधना’ साप्ताहिक बालकुमारांसाठी आणि युवकांसाठी वेगळे दिवाळी अंक काढते. उणीव आहे ती हे सारे मधल्या वयाच्या मुलाच्या हाती नेऊन देणाऱ्याची.

म्हणून भेटींविषयी माझ्या काही साध्या सूचना आहेत. धाकट्या भावंडाला किंवा शेजारच्या मुलाला यंदा वाचनालयाची वर्षाची वर्गणी भरून द्यावी. एका शर्टापेक्षा ती क्वचितच महाग असते. पुस्तक द्यायचे तर आपण स्वतः वाचलेले, आवडलेले द्यावे आणि आत एक चिठ्ठी ठेवावी : मला हे का आवडले, आणि कोणत्या पानावर कंटाळा आला. चार मैत्रिणींनी मिळून चार निरनिराळे अंक घ्यावेत आणि महिनाभर फिरवावेत. कोरी, चांगल्या बांधणीची वही हीसुद्धा लहान भेट नव्हे. अॅन फ्रँकला १२ जून १९४२ या दिवशी, तेराव्या वाढदिवसाला, अशीच एक वही मिळाली होती. त्या वहीचे पुढे काय झाले हे जगाला ठाऊक आहे. आणि थोडे पैसे जमले, तर दोघातिघांनी मिळून पाचगणीजवळच्या भिलारला जाऊन यावे. स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव २०१७ साली पुस्तकांचे गाव झाले. तेथे लोकांच्या घरांतून पुस्तके मांडलेली असतात आणि येणाऱ्याने बसून वाचावे अशी सोय आहे.

सुट्टीतल्या उपक्रमांबद्दल बोलायचे तर एक इशारा आधी दिला पाहिजे. डॉ. अब्दुल कलाम यांच्या स्मरणार्थ १५ ऑक्टोबर हा दिवस आपल्या राज्यात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. हेतू उत्तमच आहे. पण पुष्कळ ठिकाणी तो हार, भाषण आणि छायाचित्र यांत संपतो, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत शाळांना सुट्टी लागते. प्रेरणा दिली आणि वाचायची वेळ आली तेव्हा दार बंद, असा हा प्रकार. सुट्टीतच वाचनालय दुपारी उघडे हवे. बरीच वाचनालये सकाळी आणि संध्याकाळी उघडतात. दुपारी, म्हणजे मुले रिकामी असतात नेमक्या त्या वेळी, ती बंद असतात. संध्याकाळी अंधार पडल्यावर मुलींना घरून सोडत नाहीत हेही लक्षात घ्यावे. दुपारी बारा ते चार ही वेळ दोन विद्यार्थ्यांनी रोज सांभाळली, तर ग्रंथपालांवर भार पडणार नाही.

या दुपारी काय करावे? हिवाळाच विषय सुचवतो. ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांचे जन्मदिवस त्याच्या दोन टोकांना आहेत. स्थलांतरित पक्षी याच सुमारास तळ्यांवर उतरतात. सकाळी तळ्यावर जावे, दुपारी वाचनालयात पक्ष्यांची पुस्तके काढून ओळख पटवावी. डिसेंबरच्या मध्यावर, १३-१४ तारखेच्या रात्री, मिथुन राशीतून उल्कावर्षाव दिसतो; त्याआधीच्या आठवड्यात नारळीकर वाचायला द्यावेत, मग कोणाला आग्रह करावा लागणार नाही. गल्लीत किल्ला झाला असेल, तर त्या गडाचा इतिहास शोधून पाटी लिहिण्याचे काम नववी-दहावीच्या मुलांकडे द्यावे. म्हाताऱ्या माणसांकडून जात्यावरच्या ओव्या, जुने शब्द, दुष्काळाच्या आठवणी उतरवून घ्याव्यात आणि त्यांचे भित्तिपत्रक करावे. आणि आठवड्यातून एकदा ‘दहा मिनिटे एक पुस्तक’ असा कार्यक्रम ठेवावा. बोलणाऱ्याने गोष्ट अर्ध्यावर सोडावी आणि पुस्तक टेबलावर ठेवावे. पुढचे काम पुस्तक करील.

मात्र सुट्टी सर्वांनाच असते असे समजू नये. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो आणि मराठवाड्यातून कितीतरी कुटुंबे कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्यांच्याबरोबर तेरा-चौदा वर्षांची मुलेही जातात. विदर्भ-खानदेशात याच दिवसांत कापसाची वेचणी असते. घरात मोठी असलेली मुलगी धाकट्यांना सांभाळते. त्यांच्यासाठी वाचनालयाची वेळ कितीही सोयीची केली तरी ती येणार नाहीत. तेथे बडोद्याची पेटीच हवी. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर बहुधा हिवाळ्यात भरते. १९६९ पासून ही योजना चालू आहे आणि आपण रस्ते, गटारे, शोषखड्डे यांवर घाम गाळतो; तो गाळावाच. पण शिबिराच्या सामानात पन्नास पुस्तकांची एक पत्र्याची ट्रंक का असू नये? संध्याकाळी वस्तीवर, कोपीवर जाऊन कोणी तरी मोठ्याने वाचून दाखवावे. आणि ट्रंक आपल्याबरोबर परत आणू नये. गावातल्या शाळेच्या ताब्यात देऊन यावे.

खर्चाचा प्रश्न विचारला जाईल. १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, त्यानुसार मान्यताप्राप्त ग्रंथालयांना वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळते. ते पुरत नाही, कर्मचाऱ्यांचे मानधन तुटपुंजे आहे, ही वस्तुस्थिती आहे. म्हणूनच ग्रंथपालांना दोष देण्यात मला स्वारस्य नाही. मी मागतो आहे ते नवे दालन नाही, नवी इमारत तर नाहीच. एक कपाट, त्याचे दार काढलेले. त्यात शंभर पुस्तके, मुखपृष्ठे समोर दिसतील अशी. त्यावर पाटीसुद्धा नको. ‘कुमारांसाठी’ असे लिहिले, की कुमार तिकडे फिरकणार नाहीत. कपाट ठेवावे मात्र अभ्यासिकेच्या दाराशीच.

आपल्यापैकी प्रत्येक जण नुकताच त्या वयातून बाहेर आला आहे. आपल्याला कोणत्या पुस्तकाने जागे ठेवले आणि कोणते अर्ध्यावर टाकले, हे आपल्याला अजून आठवते. आणखी दहा वर्षांनी ते आठवणार नाही. म्हणून हे काम आताच करण्यासारखे आहे. मराठी विभागाच्या प्राध्यापकांनी यादीवर नजर टाकावी, पण यादी आपण करावी. दहा विद्यार्थ्यांनी प्रत्येकी दहा पुस्तके सुचवली, की शंभर झाली. सुचवणाऱ्याने ती वाचलेली असावीत, एवढी एकच अट. जी पुस्तके वर्षभरात कोणी हाती धरली नाहीत, ती पुढल्या सुट्टीत काढून दुसरी ठेवावीत, आणि ती का नको झाली हे मुलांनाच विचारावे. त्यांची उत्तरे ऐकण्याची तयारी असेल, तर यंदाच्या सुट्टीत सुरुवात करायला काहीच हरकत नाही.